उघड्या हाताने

नवऱ्याने पांढरे हातमोजे घालून वडिलांचं लढाईतलं लोखंडी हेल्मेट पाहुण्यांसमोर ठेवलं. "उघड्या हाताने शिवू नका हं. घामाने गंज चढतो." सकाळपासून आतला जुना गंज घासून त्यालाच तेल चोळत होता. पाहुणे गहिवरले, "वडिलांवर केवढा जीव तुमचा!" तेवढ्यात आतून अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची हाक आली, "अरे, भांडं दे रे, लघवी लागलीय." नवऱ्याने नाक मुरडलं. "तूच जा. मला त्या वासाने मळमळतं." खाटेखाली भांडं नव्हतं. ते मोरीत सापडलं. गंज सुटावा म्हणून नवऱ्याने त्यात सासऱ्यांचे जुने लष्करी बिल्ले भिजत घातले होते. मला माझ्याच माणसाची शिसारी आली. बाहेर येऊन मी उघड्या हातांनी हेल्मेट उचललं आणि सासऱ्यांपुढे धरलं. नवरा किंचाळत मागोमाग आला. मोकळे झालेले सासरे म्हणाले, "ओरडतोस काय? खंदकात यातच करायचो. तो गंज कशाचा वाटला तुला?"