तळाशी बोटभर
"खिडकीला चिकटवायची फिल्म काचेवरच कापायची," हा बाबांचा तीस वर्षांचा हेका. दुकानातून आधीच कापून आणणाऱ्यांना ते शिंपी म्हणायचे. पण हल्ली त्यांचा हात थरथरतो; गेल्या आठवड्यात ब्लेड घसरून गिऱ्हाइकाच्या काचेवर ओरखडा उठला. म्हणून या खेपेला पाचही खिडक्यांचे तुकडे मीच दुकानात कापून आणले. गिऱ्हाइकाच्या घरी बाबा हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले. पहिला तुकडा काचेवर चिकटवला, तर खाली बोटभर जास्त भरला. "चुकलं ना माप?" बाबांची कळी खुलली. "चुकलं खरं. तुम्हीच कापा आता," म्हणत मी ब्लेड पुढे केलं. त्यांनी मनगट खालच्या चौकटीवर घट्ट टेकवलं. पातं सरळ रेषेत गेलं. दुसरा तुकडाही तसाच निघाला, मग तिसराही. पाचव्या खिडकीची पट्टी बोटाला गुंडाळत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूकसुद्धा अगदी मापून केलीस गं."