आरक्त चेहरा

मिठागरात राबणाऱ्या काळुरामचा चेहरा जेवणानंतर लालबुंद होत असे. तो चोरून दारू पितो, असा आरोप करून पत्नी सगुणा हिने त्यास ग्रामदेवतेसमोर शपथ घ्यावयास लावले. शपथ घेतानाच त्याचे मुख आरक्त झाले आणि देवीनेच निवाडा केला, असे गावाने मानले.

पुढे जुलाबांनी तो खंगला, तेव्हा पेणच्या डॉक्टरांनी सर्व तपासण्या करविल्या.

"लहान आतड्यात गाठ आहे, यकृतापर्यंत पसरली आहे. असा रोग क्वचितच आढळतो. चेहरा त्यानेच लाल होतो."

काळुरामच्या मुद्रेवर समाधान उमटले. "ऐकलंस गो? मी पीत नाय."

सगुणाने डोळ्यांस पदर लावला.

"ठावं व्हतं मला. तोंडाला वास कधी आलाच नाय. पन दारू असती, तं सोडवली असती मी."