माणिकबाईचा गिला वडा

आकांक्षा दर रविवारी पैसे घेऊन बाहेरगावच्या पाहुण्यांना जुन्या अमरावतीत पायी फिरवून गाडीगाडीवरचं खाऊ घालायची आणि माणिकबाईच्या गाडीपाशी थांबून सांगायची, "असा गिला वडा माझ्या आईलाही जमत नाही." हे कानावर आल्यापासून तिच्या आईच्या, वच्छलाबाईंच्या जिवाची नुसती आग होत होती. लेकीसाठी दुपारी दोनपर्यंत उपाशी आपण बसायचं, आणि गुण त्या गाडीवालीचे गायचे? शेवटी एका रविवारी शेजारणीची साडी नेसून, डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून त्या पाहुण्यांच्या घोळक्यात मागे जाऊन मिसळल्या. उन्हात अर्ध्या गावाचं तोंड बांधलेलं असतं, कोण ओळखतं?

गाडीपाशी लेकीनं तेच वाक्य म्हटलं. पाहुणे दह्या-चटणीत भिजलेल्या वड्यावर तुटून पडले. वच्छलाबाईंची प्लेट हातातच राहिली.

"पोरगी लय गुन गाते तुमचे," त्या माणिकबाईला म्हणाल्या.

"ते पाहुण्याईले सांगाचं असते, बाई." माणिकबाईनं चटणीचा चमचा आपटला. "सोता एक घास खात नाई. दोन वर्सं झाले, प्लेट पुढं केली का म्हणते, घरी माय जेवाची थांबली हाये. कोन हाये तिची माय, असं काय रांधते, एकदा पाहाचं हाये मले."

वच्छलाबाईंनी तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि वड्याचा पहिला घास घेतला.

"बरा झाला हाये," त्या म्हणाल्या. "मीठ जरासं कमी पडलं."