रिकाम्या घराचा हुकूम

श्रीपती मुकादमाने शेजारच्या रिकाम्या घराच्या ओटीवर पहार टेकवली, तेव्हा येसूबाई तांदूळ निवडत होती. सूप तसंच टाकून ती अंगणात आली.

"मुकादम, या घराच्या छपराची कौलं परता म्हटलं होतं मी. घर पाडा नाय."

"तुमच्याच अर्जावर हुकूम झालाय, वैनी. पाच वर्षांनी झाला, पण झाला ना!" श्रीपती हसला. त्याच्यामागे मिरजोळ्याचे चार गडी कुदळी घेऊन उभे होते.

घर मयेकरांचं, शंभरीच्या पलीकडचं. ते रंगूनला गेले त्याला दहा वर्षं झाली. नक्षीचा दरवाजा कुणीतरी उतरवून नेला होता, छपरातून आभाळ दिसत होतं. पण मधली चिऱ्याची भिंत दोन्ही घरांना एकच होती आणि येसूबाईच्या माजघराचे वासे तिच्यावरच टेकलेले होते. ती भिंत गेली की तिचंही छप्पर खाली येणार. नवरा जयगडला, गलबतावर. यायला अजून आठ दिवस.

"वस्तीचं घर असतं तर महिन्याची नोटीस," श्रीपती म्हणाला. "रिकाम्याला नाय."

"वस्ती कशावरून धरता?"

"चूल पेटती हवी. कचेरीचा तोच रिवाज."

येसूबाई आत गेली. चुलीतले निखारे फुटक्या कौलावर घेतले आणि गड्यांमधून वाट काढत मयेकरांच्या घरात शिरली. तिथल्या चुलीत पाला साचला होता. तो तिने हातांनी ओढून काढला, माडाची चुडतं मोडून घातली, फुंकून फुंकून डोळे लाल केले. छपराच्या भोकातून धूर वर निघाला.

"घ्या, झाली वस्ती!" ती दारात येऊन म्हणाली.

एक गडी खुदकन हसला. श्रीपतीने हुकूम उलगडून पुन्हा वाचला.

"'खालच्या आळीतलं रिकामं घर.' एवढंच हाय. नंबर घातलाच नाय कारकुनाने." त्याने येसूबाईच्या घराकडे पाहिलं. "विस्तव तर तुम्ही इकडे आणलात, वैनी. मग आता रिकामं कुठलं? मला संध्याकाळच्या आत एक पाडून दाखवायचंय."

येसूबाई धावत स्वतःच्या घरात गेली. राखेत एकच निखारा उरला होता. त्याच्यावर काथ्या धरून तिने जाळ केला. तोवर पलीकडची चूल धुमसायला लागली होती. ती पुन्हा तिकडे धावली. चुडतं थोडीच उरली होती.

श्रीपतीने गड्यांना फणसाखाली बसवलं आणि बिडी पेटवली. पाचही जण माना वर करून दोन छपरांकडे बघत राहिले.

"मुकादम," एक गडी हळूच म्हणाला, "वैनीच्या घरचा धूर पातळ होतोय."