हेटी नुसती वाजवते

ब्लॅकपूलच्या नाट्यगृहात हेटी क्लेग तरुणपणापासून पियानो वाजवत, गात लोकांना हसवायची. नवा विनोदवीर पर्सी आला आणि मालकाच्या कानाला लागून त्यानं तिची गाणीच बंद पाडली. वर म्हणाला, "म्हातारे, तू नुसतं वाजव. तोंड उघडायचं नाही."

आज लंडनहून एक बडे थिएटरमालक खास पर्सीला बघायला आले होते. शेवटच्या प्रवेशाला तो ऐटीत रंगमंचावर आला. "हं, म्हातारे, होऊ दे सुरू!"

हेटीनं तोंड उघडलं नाही. रोज खेळ संपल्यावर वाजवायचं ते राष्ट्रगीत तिनं नुसतं वाजवलं.

 

सगळे ताठ उभे राहिले, पर्सीसुद्धा. आणि सूर थांबताच लोक टोप्या चढवून घरी निघाले, लंडनचे मालक सगळ्यांत पुढे.