कबुतरं आणि अकरा पदकं

ऑनलाइन मुलाखतीला पाच मिनिटं उरली, तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की शाल्मलीच्या मागची भिंत मोकळीच आहे. "अगं, हिची ऑलिंपियाडची पदकं कुठायत?"

आईनं बाल्कनीकडे बोट दाखवलं. चकाकणारं काही टांगलं की कबुतरं फिरकत नाहीत म्हणून तिनं अकराच्या अकरा पदकं दोरीला बांधली होती.

बाबांनी ती ओरबाडून आणली, पण तेवढ्यात स्क्रीनवर परदेशी विद्यापीठाच्या बाई अवतरल्या. बाबा पदकांसकट पलंगाआड दडले.

"तुझ्या अर्जात अकरा पदकं आहेत. काय उपयोग झाला त्यांचा?"

शाल्मलीला हसू आवरेना. तिनं खरं तेच सांगून टाकलं. "दोन दिवस कबुतरं घाबरली. तिसऱ्या दिवशी त्याच दोरीवर झोके घेऊ लागली."

बाई खो खो हसल्या. "आमचंही तसंच झालंय. रोज इतकी पदकं बघतो की आता घाबरतच नाही. मग तू काय केलंस?"

"महिनाभर रोज कबुतरं मोजली. कधी येतात, कशाला घाबरतात, सगळं वहीत लिहिलंय."

"अरे वा! दाखव ना ती वही."

पलंगाआड अकरा पदकं खणखणत फरशीवर पडली. बाबा वही आणायला धावले होते.