अडीच फूट पाणी

रेवती वलथरे शिंगाडे काढायला तलावात उतरली आणि बुडाली. त्या जागी अडीच फूट पाणी आहे, असं तिनं फोनवर बघितलं होतं. उपग्रह रोज वरून तलावाचे फोटो काढायचा, संगणक त्यावरून खोली सांगायचा आणि सरकारदरबारी तीच खरी धरली जायची. म्हणून अहवालात लिहिलं गेलं, 'अडीच फुटांत कोणी बुडत नाही. आत्महत्या.'

तिच्या बापानं, फागूनं, चौकशीला आलेल्या मॅडमना डोंग्यात बसवून त्या जागी नेलं आणि शिंगाड्याच्या वेलींमधून दहा फुटी बांबू खाली सोडला. तळ लागला नाही.

"वेलींनी झाकलेलं पाणी वरून उथळ दिसते, मॅडम," तो म्हणाला. "आता तरी खरं लिहा."

मॅडमनी तिथंच टॅबवर खोली किमान दहा फूट अशी भरली. आकडा तीनदा लाल होऊन पुसला गेला.

"काका, मी डोळ्यांनी बघितलं. पण हे हाताचं माप घेतच नाही."

फागू घरी आला तेव्हा त्याची बायको शेवंता अहवालाचा कागद मांडीवर घेऊन बसली होती.

"पोरीला एवढं कसलं दुःख होतं हो?" तिनं विचारलं. "मला का नाही सांगितलं तिनं?"